काळी चार, कॅपो आणि एफ

१२ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याचा शनिवार. श्रीखंड-पुरीचं जेवण उरकलं आणि दुपारच्या गाडीने ठाण्याहून सीएसएमटीला गेले, तिथून चालत धोबी तलावला. गिटार शिकायची हे घरात पाच वर्षं बोललं जात होतं. मुहूर्तावर घेतलेली वस्तू आमच्या घरात कोणी माळ्यावर टाकत नाही, म्हणून मुद्दाम तो दिवस निवडला. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. रबाळ्याला एका कंपनीच्या लेखा विभागात नोकरी, घर वर्तकनगरला. घरात नवरा, बारावीतली मुलगी आणि सासूबाई. संगीताचं शिक्षण काहीच नव्हतं. पण सासूबाई भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि रोज संध्याकाळी तासभर घरात पेटीचे सूर असतात, त्यामुळे कानावर बरंच पडलेलं होतं.

हे सगळं सविस्तर लिहिते आहे कारण या वर्षात माझ्या ओळखीच्या चार जणींनी एकच प्रश्न विचारला: आधी थिअरी शिकायची की आधी हात बसवायचा? मी दोन्ही केलं, चुकीच्या क्रमाने केलं, आणि मग एका संध्याकाळी दोन्ही एकमेकांना येऊन मिळालं. ते कसं झालं ते सांगते.

दुकानातल्या काकांनी आधी माझा पंजा बघितला. मोठ्या पोटाची ड्रेडनॉट बाजूला ठेवून लहान बांध्याची गिटार हातात दिली. किंमत ८,५०० रुपये. बोटं दुखतील म्हणून नायलॉनच्या तारांची घ्यावी का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नायलॉन बोटाला मऊ लागतो, पण त्या गिटारची मान रुंद असते, तुमचा पंजा पुरणार नाही. आणि पुढे मन बदललं तर तिला स्टीलच्या तारा लावायच्या नाहीत, तो ताण तिला सोसत नाही. म्हणून स्टीलच्याच, पण सगळ्यात हलक्या जाडीच्या तारा लावून घेतल्या. पिशवी, चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर आणि कॅपो मिळून १,४०० रुपये. कॅपो कशासाठी असतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ते म्हणाले, "गाणाऱ्याबरोबर वाजवायचं असेल तर लागेल, घेऊन ठेवा."

नौपाड्यातल्या एका संस्थेत ९ नोव्हेंबरपासून शनिवार-रविवारची बॅच मिळाली. प्रवेश फी १,००० आणि तिमाही ६,६०० रुपये. दोन फोटो, आधारची प्रत, आणि फॉर्मच्या शेवटी पालकांच्या सहीची जागा. तिथे रेघ मारून 'स्वतः' लिहायला सांगितलं. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की भरलेली फी परत मिळणार नाही आणि चुकलेला तास पुढे धरला जाणार नाही. मी ते घरी आल्यावर वाचलं. तुम्ही काउंटरवरच वाचा.

पहिले तीन आठवडे बोटांच्या टोकांना आग होत असे. डाव्या हाताची नखं इतकी कापावी लागतात की बोटाच्या मांसाच्या वर काही उरता कामा नये, नाहीतर तार फळीला लागतच नाही. भांडी घासून लगेच वाजवायला बसू नका. भिजलेल्या कातडीत तार रुतते आणि मऊ पडलेला घट्टा सोलून निघतो. डिसेंबरच्या मध्यावर घट्टे पक्के झाले आणि तो त्रास संपला.

त्या संस्थेचा भर थिअरीवर होता. पाच रेघा, पट्ट्या, अर्धे सूर, पूर्ण सूर, मेजर स्केल, कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले पहिला, तिसरा आणि पाचवा सूर. मला ते आवडलं, हे मान्य करते. दिवसभर ताळेबंद जुळवणाऱ्या बाईला मोजणी आवडणारच. ६५० रुपयांचं वर्कबुक मी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसून, ठाणे ते रबाळे, पेन्सिलने भरून काढलं. सी मेजर म्हणजे सी-ई-जी, एफ मेजर म्हणजे एफ-ए-सी, हे झोपेतसुद्धा सांगता येत होतं. तासाला नऊ जण असत. सर फळ्यावर असत. माझी करंगळी कुठे जाते, अंगठा मानेच्या वर येतो का, हे पाहायला त्यांना वेळ नसे. जानेवारीअखेर मला सहा कॉर्ड 'येत' होते. म्हणजे एकेक करून, थांबून, बोटं एकेक ठेवून.

याच सुमारास संस्थेने परदेशी मंडळाच्या पहिल्या ग्रेडच्या लेखी परीक्षेचे फॉर्म भरायला सुरुवात केली. फी ४,१०० रुपये. फॉर्मवर नाव ओळखपत्राप्रमाणे हवं होतं. माझ्या आधारवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं तीन पदरी नाव आहे. फॉर्मला रकाने दोनच. ऑफिसने मधलं नाव गाळून भरलं आणि पैसे गेल्यावर मला दाखवलं. दुरुस्तीसाठी संस्थेने मंडळाला मेल केला, त्यात आधारची प्रत पुन्हा जोडली, आणि उत्तर यायला १९ दिवस लागले. तेवढे दिवस उगाच जीव टांगणीला. पैसे भरण्याआधी भरलेल्या फॉर्मचा फोटो मागून घ्या, आणि परीक्षेच्या दिवशी जे ओळखपत्र नेणार त्याच्याशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा.

३० मार्च, गुढीपाडवा. नणंद आणि तिची मुलं जेवायला होती. जेवणानंतर सासूबाईंनी पेटी काढली आणि भाचीने माझी गिटार आणून हातात दिली, "मामी, तूही वाजव ना." कोणत्या ओळीवर कोणती कॉर्ड येईल हे मी आदल्या आठवड्यातच कागदावर लिहून ठेवलं होतं, आणि ते बरोबर होतं. पण सीवरून जीवर जायला मला चार सेकंद लागत. गाणं चार सेकंद थांबत नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत मी दोन ओळी मागे होते, मग तारांवर हात ठेवून गप्प बसले. कोणी काही म्हटलं नाही. पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना मला रडू आलं. पाच महिने, एकही शनिवार न चुकवता, आणि एक साधं भजन हातातून निघत नाही याचं ते रडू होतं.

५ एप्रिलला मी संस्थेत लेखी अर्ज दिला की मला वादनाच्या बॅचमध्ये घ्यावं. उत्तर १० मेला मिळालं: जुलैपर्यंत जागा नाही. पाच आठवडे दर शनिवारी काउंटरवर विचारत होते, "बघून सांगतो." तोवर माझी दुसरी तिमाहीही संपली होती. तसाच अर्ज तुम्हाला द्यायचा असेल तर दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. माझ्याकडे पोच नव्हती, त्यामुळे तो अर्ज कधी दिला याचाच आधी वाद झाला.

पण एप्रिलमध्येच दुसरं काहीतरी घडलं होतं.

एका संध्याकाळी मी वर्कबुक घेऊन बसले होते आणि सासूबाई पेटीशी. त्यांनी विचारलं, "हे तीन-तीन सूर एकदम वाजवायचे, ते कोणते हे कसं ठरवतात गं?" मी म्हटलं, "आई, हे बघा, सी, ई आणि जी." पेटीवर कुठे ते दाखवलं. त्यांनी पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच एकदम दाबल्या आणि माझ्याकडे बघितलं. "हे तर सा, ग, प."

ज्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय आज वाशीला आहे, त्या मंडळाची प्रवेशिका पूर्ण परीक्षा त्यांनी लग्नाआधी दिलेली आहे. पुढचा तासभर त्या मला माझंच पुस्तक शिकवत होत्या. बोटांचा तोच साचा त्यांनी एक घर पुढे नेला: पांढरी दोन, चार, सहा. आवाज एकदम उदास झाला. "ऐकलंस? दोनला सा धरला तर चार हा कोमल गंधार होतो. मधे एक काळी कमी पडली." मी पेटीवर वाकून मोजलं. पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये काळी पट्टी नाही. सात आणि वरचा सा यांच्यामध्येही नाही. बाकी सगळीकडे आहे. एवढ्या दोन फटींमुळे एकच साचा सात ठिकाणी ठेवला की कुठे मेजर होतो, कुठे मायनर.

सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे: यांत गंधाराच्या जागचा सूर शुद्ध, म्हणजे मेजर. रे-म-ध, ग-प-नि आणि ध-सा-ग: यांत तो कोमल, म्हणजे मायनर. उरला नि-रे-म. त्यात गंधार तर कोमल आहेच, पंचमही अर्धा सूर खाली घसरलेला, म्हणून तो इतका अधांतरी वाटतो. संस्थेत 'मेजर स्केलमधल्या सात कॉर्ड' म्हणून एक तक्ता पाठ करायला दिला होता. तो तक्ता म्हणजे भातखंड्यांच्या दहा थाटांतला बिलावल आहे, एक सोडून एक सूर उचललेला, हे मला एका पेटीने सांगितलं. गिटारवर तेच मोजायला आणखी सोपं आहे, कारण तिथे काळं-पांढरं काही नाही. एक फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या रेघांमधलं एक घर, म्हणजे पेटीची एक पट्टी, काळी असो की पांढरी. बारा पट्ट्यांनी वरचा सा, बारा फ्रेटनी वरचा सा. सा पासून शुद्ध गंधार चार घरं, कोमल गंधार तीन घरं, पंचम सात घरं.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला थिअरी नव्याने शिकावी लागते हा माझा समज त्या संध्याकाळी गेला. ज्याला शाळेत सा-रे-ग-म शिकवलं गेलं, त्याच्याकडे अर्धी थिअरी आधीच आहे. ती इंग्रजी अक्षरांत पुन्हा पाठ करण्यात माझे चार महिने गेले.

१७ मेला मुलुंडच्या एका शाळेत लेखी परीक्षा झाली. दोन तास, पेन्सिल, खोडरबर, पट्टी. शेजारच्या बाकावर दहा-अकरा वर्षांची मुलं होती. एकीने मला तिचं शार्पनर दिलं. पास झाले. निकाल जुलैअखेर आणि प्रमाणपत्र सप्टेंबरमध्ये मिळालं. ज्यांना पुढे वरच्या ग्रेड करायच्या आहेत किंवा मुलांना संगीताच्या कॉलेजात घालायचं आहे, त्यांनी जरूर द्यावी. घरात चार गाणी वाजवायची असतील तर ४,१०० रुपयांत आठ तास चांगल्या शिक्षकासमोर बसता येतं.

तसे शिक्षक मला ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ओळखीने मिळाले. कळव्याला राहतात, पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. तासाला ५०० रुपये, महिन्याला चार तास. फॉर्म नाही, पावती नाही, फोन करून यायचं. ७ जूनला पहिल्यांदा गेले. मी गिटार घेऊन बसले तेव्हा त्यांनी दोन मिनिटं काहीच सांगितलं नाही, नुसता हात बघत होते. मग म्हणाले, "ताई, ही गिटार तुमच्याशी भांडते आहे." पोलादी पट्टीने बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची मोजली: चार मिलिमीटर. ती अडीचच्या आसपास असायला हवी. आठ महिने मी दीडपट जोर लावत होते आणि बोटांतच ताकद नाही असं मानत होते. दुरुस्तीवाल्याकडे पाच दिवस आणि ८०० रुपये लागले. नवी गिटार घेतल्यावर पहिल्याच महिन्यात हे काम करून घ्या. त्याला सेटअप म्हणतात; तेवढा शब्द सांगितला तरी पुरतं.

सरांना नोटेशन वाचता येत नाही आणि कॉर्डमधले सूर कोणते असं विचारलं तर ते वाजवून दाखवतात. त्यांची शिकवण सगळी हाताची. मोबाइलवर एक मिनिटाचा गजर लावायचा आणि दोनच कॉर्ड आलटून पालटून धरायच्या, किती वेळा बदलल्या ते वहीत लिहायचं. सी आणि जी: पहिल्या दिवशी ११. जुलै संपताना ३८. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, पण एकही दिवस खाडा नाही. रविवारी दोन तास बसून ते भरून निघत नाही, मी करून पाहिलं आहे. आणि एक नियम: जे बोट दोन्ही कॉर्डमध्ये एकाच जागी आहे ते उचलायचं नाही.

सीवरून ए मायनरला जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागेवर राहतात, फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येते. हे त्यांनी दाखवलं आणि घरी परतताना रिक्षात माझ्या लक्षात आलं: सी म्हणजे सा-ग-प, ए मायनर म्हणजे ध-सा-ग. दोन सूर तेच आहेत. म्हणून दोन बोटं हलत नाहीत. कान म्हणतो तसा जवळचा कॉर्ड हातालाही जवळ पडतो.

तेव्हापासून मी रोज एकच गोष्ट केली. सरांनी जो कॉर्ड हातात बसवला, त्यात गंधार कोणत्या बोटाखाली आहे ते घरी शोधायचं. ई मेजरमध्ये तो तर्जनीखाली, तिसऱ्या तारेच्या पहिल्या घरात. तर्जनी उचलली की ई मायनर. ए मेजरमध्ये तो दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या घरात, एक घर मागे आणला की ए मायनर. डीमध्ये पहिल्या तारेवर दुसऱ्या घरात, तोही एक घर मागे. तीन वेगळे कॉर्ड म्हणून पाठ केलेले आकार म्हणजे एकच हालचाल होती: गंधार कोमल करणे.

मग एक प्रश्न पडला. सी मायनर आणि जी मायनर सुरुवातीच्या कोणत्याच पुस्तकात का नसतात? सरांना विचारलं तर म्हणाले, "ते बारनेच धरायचे." बार म्हणजे तर्जनी आडवी टेकवून एका घरातल्या सगळ्या तारा दाबणं. का, ते घरी सापडलं. सीच्या उघड्या आकारात, म्हणजे काही तारा न दाबता मोकळ्या वाजतात अशा आकारात, गंधार दोन ठिकाणी आहे: एक बोटाखाली, आणि एक पहिल्या मोकळ्या तारेवर. जीमध्येही तसंच, एक बोटाखाली आणि एक दुसऱ्या मोकळ्या तारेवर. बोट मागे घेता येतं. मोकळी तार आणखी खाली कशी आणणार? पुढच्या शनिवारी मी हे सरांना सांगितलं. त्यांनी सी धरला, पहिली तार एकटी छेडली, पुन्हा सी धरला. "बरोबर," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं हात हेच करतोय." त्या दिवशी तास संपल्यावरही त्यांनी मला अर्धा तास बसवून घेतलं.

माझा अनुभव तरी असा: हात आधी. पण हातात जे आलं त्याचं नाव त्याच दिवशी शोधायचं, पुढच्या धड्याचं नाही. जी थिअरी अजून बोटांत आलेली नाही ती माझ्याकडे राहिली नाही. जिला बोट सापडलं ती पुन्हा पाठ करावी लागली नाही.

पावसाळ्याबद्दल थोडं. जुलैत ठाण्यात भिंतींना ओल येते तशी गिटारलाही येते. लाकूड फुगतं, तारांची उंची वाढते, आणि तारा दोन आठवड्यांत गंजून काळ्या पडतात. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे तेव्हा ती त्याच्या कितीतरी वर असते. बाहेरच्या भिंतीवर खिळ्याला टांगू नका. पिशवीत, चेन लावून, नव्या चपला-पर्समध्ये येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि वाजवून झालं की सुती फडक्याने तारा पुसा. माझे तारांचे दोन संच गेले, १,१०० रुपये.

आणि एफ. एफ हा नवा आकार नाही, हे समजल्यावर माझी त्याची भीती निम्मी झाली. तो ईचाच आकार आहे, एक घर पुढे सरकलेला. ईमध्ये उरलेल्या तारा नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, धरून ठेवतो. पुढे सरकलो की ते काम तर्जनीने करायचं. अर्धी भीती राहिली, कारण तर्जनीला ते माहीत नव्हतं. सरांनी मला एफ पहिल्या घरात धरूच दिला नाही. तोच आकार आधी पाचव्या घरात, कारण नटच्या जवळ तार सगळ्यात ताठ लागते आणि जसजसं वर जावं तसतशी ती बोटाला वश होते. तर्जनीचा पोटाकडचा मऊ भाग टेकवायचा नाही, जरा कुशीवर वळवून हाडाची कड टेकवायची. अंगठा मानेच्या मागे मधोमध. जोर चिमटीचा नाही, कोपर अंगाजवळ घेऊन हाताच्या वजनाचा. पाचव्यावरून चौथ्या, तिसऱ्या, असं खाली उतरत सहा आठवडे गेले. पहिल्या घरात दुसरी तार ऑगस्टमध्येही मधूनच मुकी राहायची.

२७ ऑगस्टला गणपती बसले. आरतीत टाळ-झांजांपुढे गिटार ऐकूच येत नाही, तो नाद सोडून द्या. पण गौरीजेवणाच्या रात्री सासूबाईंच्या मंडळाचं भजन होतं आणि त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा. त्या पट्टीचं पाश्चात्त्य नाव जी शार्प, आणि त्याचे उघडे आकार गिटारवर नाहीत. इथे कॅपो, एका घरातल्या सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. पहिल्या घरात लावला की मोकळी गिटार एक पट्टी वर चढते; हात जी धरतो, वाजतं काळी चार. दुसऱ्या घरात लावला तर जीच्याच आकाराने पांढरी सहा, तिसऱ्यात काळी पाच. कुणी काळी एक मागितली तर सीचा आकार आणि पहिल्या घरात कॅपो. हे मी चिठ्ठीवर लिहून गिटारच्या पिशवीत ठेवलं आहे. त्या रात्री जी, सी आणि डी, तीनच कॉर्ड, चार भजनं. जिथे कोणता कॉर्ड बसेल कळत नव्हतं तिथे सरांनी सांगितलेलं केलं: गंधार सोडून फक्त सा आणि प, तंबोऱ्यासारखे. रागातले सूर आणि कॉर्डचा गंधार भांडायला लागला तर गाणाऱ्याचं ऐकायचं आणि गंधार सोडायचा.

कोजागिरी ६ ऑक्टोबरला, सोमवारी आली. गच्चीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना २५ सप्टेंबरला पत्र दिलं होतं, या वेळी दोन प्रती काढून, पोच घेऊन. अट एकच: दहानंतर लाउडस्पीकर बंद. तो कायद्याचाच नियम आहे, २००० सालापासूनचा, रात्री दहा ते सकाळी सहा. दहाला स्पीकर बंद झाला, मुलं खाली गेली, आणि पंधरा-वीस माणसं, आटवलेलं दूध, पेटी आणि माझी गिटार एवढंच गच्चीवर उरलं. त्या सकाळी मी खर्चाची वही मिटवली होती: गिटार, तारा, दुरुस्ती, दोन्ही शिकवण्या, परीक्षा मिळून ३८,७५० रुपये.

साडेअकराला सासूबाई म्हणाल्या, "आता भैरवी." पट्टी तीच, काळी चार. पण भैरवीत गंधार कोमल, आणि कॅपो पहिल्या घरात असताना मला जी मायनर लागणार, जो मोकळ्या तारांवर धरता येत नाही. हे आता कुणी सांगायची गरज नव्हती. कॅपो काढला आणि चौथ्या घरात लावला. ईच्या चार पट्ट्या वर काळी चार. ई मायनर धरला की सा, कोमल गंधार, पंचम. आईंनी पेटीवर सा धरला. ई मायनर जुळला.

भैरवीचा ऋषभही कोमल. ई मायनरच्या हिशेबात कोमल ऋषभावरचा कॉर्ड कोणता ते मी आदल्या आठवड्यात मोजून ठेवलं होतं. तो एफ. कॅपोमुळे तो बार आता पाचव्या घरात येत होता, जिथे मी तो पहिल्यांदा शिकले होते.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी आई कोमल ऋषभावर आल्या आणि तिथे थोड्या रेंगाळल्या. मी तर्जनी कुशीवर वळवली, कोपर अंगाजवळ घेतलं आणि वरून खाली एकदाच हात फिरवला. सहाही तारा वाजल्या. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि सा वर आल्या.